फूको यांची शेवटची नऊ व्याख्याने : 'द करेज ऑफ ट्रूथ' या ग्रंथाचे परीक्षण

'स्पष्टवक्ता सुखी भवेत' असे म्हणणाऱ्याने ग्रीक तत्त्वज्ञांची चरित्रे वाचलेली नसावीत. सॉक्रेटिसला इ. स. पू. ३९९ मध्ये विषाचा पेला घ्यावा लागला. प्लूटार्कने दिलेल्या कथेप्रमाणे प्लेटोने सिरॅक्यूजच्या हुकूमशहाला तोंडावर चार शब्द सुनावले आणि परतीच्या वाटेवर त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. डायोजेनिसच्या बाबतीत तर परंपरा सांगते की, त्याच्या तत्त्वज्ञानाची सुरुवातच हद्दपारीपासून झाली. अशा माणसांकडे केवळ हुतात्मे म्हणून न पाहता, त्यांनी नेमके काय केले, कोणासमोर केले आणि त्यासाठी काय पणाला लावले याची बारकाईने फोड करणारा ग्रंथ म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूको यांची १९८४ सालची व्याख्यानमाला. ती फ्रेंचमध्ये २००९ साली ग्रंथरूपाने आली आणि ग्रॅहम बर्चेल यांचे इंग्रजी भाषांतर २०११ साली निघाले. मी वाचली ती इंग्रजी आवृत्ती, आणि तीही दोनदा. पहिल्या वेळी शंभरेक पानांनंतर ग्रंथ बाजूला ठेवला होता. हे परीक्षण दुसऱ्या वाचनाचे आहे आणि पहिल्या वाचनात माझे काय चुकले होते तेही त्यात ओघाने येईल.

सर्वप्रथम हे स्पष्ट करायला हवे की, हा फूको यांनी लिहिलेला ग्रंथ नव्हे. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्स या संस्थेत १९७० पासून त्यांच्याकडे 'विचारप्रणालींचा इतिहास' हे अध्यासन होते. तेथे प्रवेशपरीक्षा नाही, पदवी नाही, हजेरी नाही. प्राध्यापकाने दरवर्षी आपले नवे संशोधन जाहीरपणे मांडायचे आणि ज्याला ऐकायचे असेल त्याने येऊन बसायचे, एवढाच नियम. फूको यांना ऐकायला इतकी गर्दी होत असे की एक सभागृह पुरत नसे, आणि त्यांच्या मेजावर श्रोत्यांच्या कॅसेट रेकॉर्डरांची दाटी असे. आज हातात असलेला मजकूर त्या ध्वनिमुद्रणांवरून उतरवलेला आहे. त्यामुळे त्यात पुनरुक्ती आहे, मध्येच सोडून दिलेली वाक्ये आहेत, 'मागच्या वेळी घाईघाईत सांगितलेले पुन्हा घेतो' अशा धर्तीच्या सुरुवाती आहेत. मी पहिल्यांदा तो बांधेसूद ग्रंथ समजून वाचायला बसलो आणि वैतागलो. दुसऱ्यांदा एका बैठकीत एकच व्याख्यान, शक्य तेथे मोठ्याने, असा क्रम ठेवला, तेव्हा जी पुनरुक्ती दोष वाटली होती तीच आधाराला आली. बोलणारा माणूस श्रोत्यांना बरोबर घेऊन चालला आहे, हे कानांना कळते. डोळ्यांना कळायला वेळ लागतो.

व्याख्याने १ फेब्रुवारी ते २८ मार्च १९८४ या काळातली, दर बुधवारची. एरवी ती जानेवारीत सुरू होत. त्या वर्षी फूको आजारी होते आणि पहिल्याच व्याख्यानात त्यांनी उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त केली आहे. त्याच वर्षी २५ जूनला त्यांचे निधन झाले. हे माहीत असलेला वाचक प्रत्येक पानावर मृत्यूची सावली शोधू लागतो आणि प्रकाशित झाल्यापासून या ग्रंथाविषयी जे लिहिले गेले त्यातला बराच भाग याच शोधात खर्ची पडला आहे. ते अगदीच चुकीचे नाही, पण त्यापायी ग्रंथातला युक्तिवाद मागे पडतो.

युक्तिवादाच्या केंद्रस्थानी एक ग्रीक शब्द आहे : पारेसिया. व्युत्पत्तीप्रमाणे त्याचा अर्थ 'सगळे बोलणे'. त्याला मराठीत काय म्हणावे यावर मी बराच वेळ घालवला, आणि तो वाया गेला असे म्हणवत नाही. 'परखडपणा' जवळचा आहे, पण परखड माणूस सुरक्षित जागेवरूनही परखड असू शकतो. 'सडेतोड' हा शब्द बोलण्याच्या धाटणीविषयी सांगतो, बोलणाऱ्याच्या धोक्याविषयी नाही. 'निर्भीड' मात्र चांगलाच जुळतो, कारण आपल्या 'भीड' या शब्दात भीती आणि संकोच दोन्ही एकत्र नांदतात, आणि पारेसिया करणाऱ्याला या दोन्ही गोष्टी ओलांडाव्या लागतात. गंमत अशी की ग्रीकांनाही या शब्दाची दुसरी, हलकी बाजू ठाऊक होती. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या आठव्या भागात ज्या नगरात ज्याला जे वाटेल ते तो बोलतो अशा बेशिस्त नगराचे वर्णन करताना हाच शब्द येतो. त्या अर्थाला आपल्याकडे 'फटकळपणा' हा शब्द तयारच आहे. निर्भीड आणि फटकळ यांच्यातली रेषा कोठे ओढायची, हा या ग्रंथाचा पहिला प्रश्न आहे.

फूको यांचे उत्तर असे : बोलणारा जे बोलतो ते त्याचे स्वतःचे मत असले पाहिजे, त्या मताशी त्याने स्वतःला उघडपणे बांधून घेतले पाहिजे, आणि ते बोलल्यामुळे ऐकणाऱ्याशी असलेले त्याचे नाते, प्रसंगी त्याचा जीवही, धोक्यात आला पाहिजे. वक्तृत्वकलेचे नेमके उलट असते. वक्त्याला आपण जे बोलतो ते खरे वाटण्याची गरज नसते. श्रोत्याला ते वाटले म्हणजे झाले. ही विभागणी ऐकायला सोपी आहे, पण तिच्यातला एक उपसिद्धांत मला सर्वांत मोलाचा वाटला. धैर्य दोघांना लागते. बोलणाऱ्याला बोलण्याचे आणि ऐकणाऱ्याला ते ऐकून घेण्याचे. मित्र असो, राजा असो की नगरसभा असो, समोरच्याने रागावून नाते तोडायचे नाही असे ठरवल्याशिवाय हा व्यवहार पुरा होत नाही. सत्य सांगणाऱ्यांचे पोवाडे पुष्कळ झाले. ते ऐकून घेणाऱ्याच्या धैर्याकडे इतक्या गंभीरपणे पाहणारे लेखन माझ्या वाचनात फार थोडे आहे.

पहिल्याच व्याख्यानात सत्य सांगणारे चार प्रकारचे लोक येतात. भविष्यवेत्ता देवाच्या वतीने आणि कोड्यात बोलतो. ज्ञानी पुरुष स्वतःच्या नावाने बोलतो, पण गप्प राहण्याचा त्याचा हक्क अबाधित असतो. शिक्षक किंवा कारागीर आपली विद्या पुढच्या पिढीला देण्यास बांधलेला असतो, पण त्यात त्याला जोखीम नसते. आणि चौथा तो पारेसिया करणारा, जो माणसांना ती आज कशी जगत आहेत ते सांगतो. शिक्षकाचे बोलणे नाते जोडते, या चौथ्याचे बोलणे नाते तुटण्याची तयारी ठेवून केलेले असते. चौकट आकर्षक आहे. माझ्या मते जरा जास्तच आकर्षक आहे, आणि पुढच्या व्याख्यानांत फूको स्वतःच ती फारशी वापरत नाहीत, हे बरे झाले.

ग्रंथाचा गाभा सॉक्रेटिसवरच्या तीन व्याख्यानांत आहे. खटल्यात सॉक्रेटिसने केलेले बचावाचे भाषण प्लेटोने ज्यात दिले आहे त्या 'अपॉलॉजी'मधला प्रश्न फूको अगदी साध्या शब्दांत उचलतात : इतका निर्भीड माणूस अथेन्सच्या सभेत उठून का बोलला नाही? सॉक्रेटिस स्वतः सांगतो की आपण राजकारणात पडलो असतो तर केव्हाच मारले गेलो असतो. मग हे मरणाचे भय झाले का? फूको लगेच त्याच भाषणातले दोन प्रसंग पुढे ठेवतात. इ. स. पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाईच्या लढाईनंतर सेनापतींवर एकत्रित, आणि म्हणून बेकायदा, खटला चालवायला सगळे तयार असताना विरोध करणारा सॉक्रेटिसच होता. आणि पुढे अथेन्सवरच्या तीस हुकूमशहांच्या राजवटीत सालामिसच्या लिऑनला पकडून आणण्याचा हुकूम झाला तेव्हा बाकीचे चौघे निघाले, हा सरळ घरी गेला. तेव्हा प्रश्न भयाचा नव्हता. सभेत मेला असता तर नागरिकांना एकेक करून हटकण्याचे, 'तू स्वतःची काळजी घेतोस का?' असे विचारण्याचे काम राहून गेले असते. सत्य सांगण्याची जागा सभेच्या व्यासपीठावरून माणसामाणसांतल्या संभाषणात येते ती येथे, आणि या स्थलांतराची फूको यांनी केलेली मांडणी मला संपूर्ण ग्रंथात सर्वांत पटली.

'लाखेस' या प्लेटोच्या संवादावरचे विवेचन त्याहून रंजक आहे. दोन वयस्क पित्यांना आपल्या मुलांना चिलखत घालून लढण्याची विद्या शिकवावी की नाही हे ठरवायचे आहे, म्हणून ते निकिआस आणि लाखेस या दोन सेनानींना सोबत घेऊन स्टेसिलाओस नावाच्या उस्तादाची प्रात्यक्षिके पाहायला आले आहेत. लाखेस या उस्तादाची एक जुनी गोष्ट सांगतो. समुद्रावरच्या एका चकमकीत त्याच्या हातात भाला आणि विळा एकत्र जोडलेले असे त्याचे खास शस्त्र होते. ते शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या दोरखंडांत अडकले. ते जहाज पुढे सरकू लागले तसा हा दांडा धरून आपल्या जहाजाच्या डेकवरून धावू लागला. दांडा हातातून सरकत सरकत शेवटच्या टोकापर्यंत आला. समोरच्या जहाजावर हशा पिकला. कोणीतरी त्याच्या पायाशी धोंडा भिरकावला तेव्हा त्याने शस्त्र सोडले, आणि ते दोरखंडांना लोंबकळताना पाहून त्याच्या स्वतःच्या जहाजावरच्या लोकांनाही हसू आवरले नाही. प्लेटोने ही गोष्ट धैर्यावरच्या संवादात घातली आहे, हे विसरू नये. विद्येचे प्रदर्शन एकीकडे आणि प्रत्यक्ष प्रसंग दुसरीकडे.

मग तोच लाखेस सॉक्रेटिसला आपल्याला प्रश्न विचारण्याची मुभा का देतो? तो तत्त्वज्ञानाचा चाहता नाही. सॉक्रेटिसचे बोलणे त्याने कधी ऐकलेले नाही, पण इ. स. पू. ४२४ मध्ये डेलिअमहून सैन्य माघार घेत असताना हा माणूस कसा वागला ते त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याचे जगणे आणि बोलणे एका सुरात लागलेले आहे त्याचे ऐकायला मला आवडते, असे तो म्हणतो. 'बोले तैसा चाले' हे आपण नेहमी वागण्याची कसोटी म्हणून वापरतो. येथे ते बोलण्याचे परवानापत्र आहे. चालणे आधी पाहिले, म्हणून बोलणे ऐकू. येथून फूको पाश्चात्य तत्त्वज्ञानाच्या दोन वाटा दाखवतात : एक आत्मा म्हणजे काय याचा शोध घेणारी, दुसरी जगण्याला आकार कसा द्यावा हे विचारणारी. पहिल्या वाटेची वर्दळ इतकी वाढली की दुसरी बुजत गेली, असा त्यांचा दावा आहे.

१५ फेब्रुवारीच्या व्याख्यानातला कोंबड्याचा भाग मात्र स्वतंत्रपणे वाचावा असा आहे. विष अंगात चढत असताना सॉक्रेटिस आपला मित्र क्रिटो याला म्हणतो की आपण अस्क्लेपिअसला एक कोंबडा देणे लागतो, तो द्या, दुर्लक्ष करू नका. अस्क्लेपिअस हा रोग बरे करणारा देव. तेव्हा रोग कोणता? 'जगणे हाच रोग आणि मरण हा त्यावरचा उतारा' हा अर्थ जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेनेही घेतला आणि त्यामुळे तो सॉक्रेटिसवर चिडला. फूको आपले ज्येष्ठ स्नेही, प्राचीन भाषा व पुराणकथांचे अभ्यासक जॉर्ज दुमेझिल यांच्या अर्थाचा आधार घेऊन म्हणतात की, आयुष्यभर समाधानाने जगलेल्या आणि आपण देवांच्या देखरेखीखाली आहोत असे सांगणाऱ्या माणसाला जगणे रोग वाटणे शक्य नाही. रोग आहे तो गर्दीच्या अडाणी मताचा. तुरुंगातून पळून जा असा आग्रह धरणाऱ्या क्रिटोला तो जडला होता आणि युक्तिवादाने तो बरा झाला. म्हणून 'मी देणे लागतो' असे न म्हणता 'आपण देणे लागतो' असे अनेकवचन. एका सर्वनामावर आणि 'दुर्लक्ष करू नका' या अखेरच्या क्रियापदावर इतका मोठा डोलारा उभा करणे कोणाला ओढूनताणून वाटेल, आणि मलाही त्यातला काही भाग तसा वाटतो. पण फूको हे क्रियापद स्वतःची आणि एकमेकांची काळजी घेण्याच्या सॉक्रेटिसच्या आयुष्यभराच्या शिकवणीशी जोडतात, तेव्हा मजकूर वाचणे म्हणजे काय असते याचा तो वस्तुपाठ ठरतो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने आयुष्यात एकदा तरी सॉक्रेटिसच्या मृत्यूवर शिकवलेच पाहिजे, ते एकदाचे झाले, अशा आशयाची मिश्किल टिप्पणीही ते करून जातात.

ग्रंथाचा उत्तरार्ध सिनिक पंथाचा, म्हणजे डायोजेनिसच्या वाटेने जाणाऱ्या तत्त्वज्ञांचा, आहे आणि माझी तक्रार येथून सुरू होते. मूळ कल्पना जबरदस्त आहे. ग्रीकांच्या लेखी 'खरे' म्हणजे जे लपलेले नाही, ज्यात भेसळ नाही, जे सरळ आहे आणि जे बदलत नाही. ही चारही विशेषणे सिनिकांनी शब्दशः जगण्याला लावली. लपवायचे नाही, म्हणून सगळे चव्हाट्यावर. भेसळ नको, म्हणून टोकाचे दारिद्र्य. सरळ म्हणजे निसर्गाप्रमाणे, म्हणून प्राण्यासारखे जगणे. अविचल आणि स्वयंपूर्ण, म्हणून भिकारी असूनही राजा. प्रत्येक तत्त्वज्ञ जे मान्य करत होता तेच टोकाला नेले आणि त्याची लोकांना शिसारी आली. फूको याला तत्त्वज्ञानाचा भंगलेला आरसा म्हणतात. डायोजेनिसला मिळालेला 'नाणे बदल' हा देववाणीचा आदेशही याच अंगाने उलगडतो. त्याचा बाप सिनोपीतला सराफ होता असे सांगतात आणि ग्रीकमध्ये नाणे व रूढी हे शब्द एकाच घरातले आहेत. खोटे नाणे पाडणे हा एक अर्थ. चलनी नाण्यावरचा ठसा पुसून त्याच धातूवर खरा ठसा उमटवणे हा दुसरा. लहान मूल ओंजळीने पाणी पिताना पाहून आपला पेला फेकून देणारा डायोजेनिस या दुसऱ्या अर्थाने नाणे बदलत होता.

पण ज्यांच्या आधारावर हे चित्र रंगवले आहे ते साक्षीदार कोण? डायोजेनिस इ. स. पूर्व चौथ्या शतकातला. त्याच्या गोष्टी सांगणारा डायोजेनिस लाएर्शिअस इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, दिओ क्रायसोस्टम आणि एपिक्टेटस त्याआधीचे पण रोमन काळातले, सम्राट ज्युलियन तर चौथ्या शतकातला. एपिक्टेटसचा सिनिक हा बराचसा एपिक्टेटसच्या मनातला आदर्श आहे. फूको हे जाणतात, एकदोनदा बोलूनही दाखवतात, पण त्यांची मांडणी त्या जाणिवेने अडखळत नाही. शिवाय एकाच व्याख्यानात ते सिनिकांपासून ख्रिस्ती संन्याशांपर्यंत, तेथून एकोणिसाव्या शतकातल्या क्रांतिकारकांपर्यंत आणि पुढे कवी बोदलेअर व चित्रकार माने यांच्यापर्यंत फेरफटका मारून येतात. फेरफटका म्हणून तो सुरेख आहे. इतिहास म्हणून त्यावर वजन टाकता येत नाही.

याहून खोल आक्षेप धैर्य आणि सत्य यांच्या नात्याविषयीचा आहे. जीव धोक्यात घालून एखाद्याने धादांत चुकीचे, पण मनापासून खरे वाटणारे, सांगितले तर ती पारेसिया होते की नाही? १९८३ च्या शरद ऋतूत बर्कले येथे दिलेल्या व्याख्यानांत फूको यांनी याला उत्तर दिले होते : पुराव्याने खात्री करून घेणे हा सतराव्या शतकातल्या देकार्त या तत्त्वज्ञानंतरचा प्रश्न आहे, ग्रीकांच्या दृष्टीने बोलणाऱ्याचे धैर्य हीच त्याच्या सचोटीची खूण होती. हे ऐतिहासिक वर्णन म्हणून मान्य करू. पण धैर्य सचोटीची ग्वाही देते, अचूकतेची देत नाही. निर्भीडपणाचा आव आणून वाटेल ते ठोकून देणाऱ्यांना ही व्याख्या सोयीची पडू शकते, आणि तिला आवर घालणारी गोष्ट याच ग्रंथात, लाखेसच्या तोंडी, आलेली असताना उत्तरार्धात फूको तिच्याकडे परत येत नाहीत, याचे मला नवल वाटले. लाखेस केवळ धोका पाहत नव्हता. तो सूर जुळतो का ते पाहत होता.

शेवटच्या व्याख्यानातला ख्रिस्ती पारेसियावरचा भाग त्रोटक आहे. हुतात्म्यांचे धैर्य ते देवावरच्या विश्वासाचे धैर्य, आणि मग हळूहळू स्वतःवरचाच संशय, भय व आज्ञापालन यांनी त्याची जागा घेणे, असा आराखडा तेवढा हाती लागतो. वेळ संपला, उशीर झाला, आभार, अशा अर्थाचे दोन शब्द बोलून ते थांबतात. हस्तलिखितात पुढे मजकूर होता. संपादक फ्रेडरिक ग्रो यांनी तो दिला आहे, आणि सत्य कधीही 'तेच ते' नसते, दुसरे जग आणि दुसरे जगणे यांच्या रूपानेच ते अवतरते, अशा आशयाचे जे वाक्य या ग्रंथातून सर्वाधिक उद्धृत होते ते सभागृहात उच्चारलेच गेले नव्हते.

आवृत्तीविषयी थोडेसे. ग्रो यांचे समारोपाचे टिपण नेमके आहे आणि ते आधी वाचले तरी चालते. टिपा भरपूर आहेत. ग्रीक संदर्भ शोधणाऱ्याला त्या पुरेपूर उपयोगी पडतात, इतरांनी वगळल्या तरी काही बिघडत नाही. बर्चेल यांचे भाषांतर बोलण्याची लय सांभाळते, मात्र ग्रीक संज्ञा लिप्यंतर करून जागच्या जागी ठेवल्यामुळे पहिल्या दोन व्याख्यानांत वाचकाची दमछाक होते. हाताशी कागद ठेवून सातआठ शब्दांची यादी करावी, मग वाट मोकळी होते. फूको यांचे तुरुंगावरचे किंवा वेडावरचे लेखन डोक्यात ठेवून आलेल्याला येथे सत्तेचे विश्लेषण फारसे मिळणार नाही. ज्याने प्लेटो अजिबात वाचलेला नाही त्याने आधी 'अपॉलॉजी' आणि 'लाखेस' वाचावेत. दोन्ही मिळून दोन संध्याकाळींचे काम आहे. आणि सुरुवात १ फेब्रुवारीच्या व्याख्यानापासून न करता कोंबड्याच्या व्याख्यानापासून करावी. ते आवडले नाही तर उरलेला ग्रंथ आवडण्याची शक्यता कमी आहे.